ईयोबाचे मित्र आणि पंडिता रमाबाई

दुःखात परमेश्वरावर भरवसा ठेवावा, हा उपदेश ख्रिस्ती धर्मात जितका जुना आहे तितकाच तो कोणी कोणाला करावयाचा, हा प्रश्नही जुना आहे. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ या प्रश्नाभोवतीच रचलेला आहे. ईयोब हा सज्जन, श्रीमंत आणि देवभीरू गृहस्थ. त्याची गुरेढोरे जातात, दहाही मुले एकाच दिवशी मरतात, सर्वांगाला गळवे येतात आणि तो राखेत बसून खापराने अंग खाजवू लागतो. त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद व सोफर समाचाराला येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. आठव्या दिवशी ते तसेच उठून गेले असते, तर जगाच्या वाङ्मयात उत्तम सांत्वनकर्ते म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु ते बोलू लागले. देव न्यायी आहे, त्याअर्थी ज्याच्यावर संकट कोसळले त्याने काही तरी पाप केलेच असले पाहिजे. ते कबूल करावे म्हणजे सर्व सुरळीत होईल, असे त्यांचे म्हणणे. ईयोब ते साफ नाकारतो. तो देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, जन्मदिवसाला शिव्याशाप देतो. मात्र देवाकडे पाठ फिरवीत नाही.

या ग्रंथाचा शेवट पुष्कळांच्या लक्षात राहतो तो ईयोबाला दुप्पट संपत्ती परत मिळाली म्हणून. वस्तुतः त्याआधीचे एक वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. देवाची बाजू घेऊन इतका वेळ युक्तिवाद करणाऱ्या त्या मित्रांवरच देव रागावतो. आपल्याविषयी खरे बोलला तो ईयोब, हे नव्हेत, असा निवाडा देतो. देवाच्या वकिलांना देवानेच फेटाळून लावावे, ही गोष्ट धर्मग्रंथात यावी हे विलक्षणच म्हटले पाहिजे. पण तिचा अर्थ नंतरच्या काळातील पुष्कळ श्रद्धावंतांना उमगला नाही असे दिसते, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासात तर त्याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे.

लोकसंख्येचा सिद्धांत मांडणारा माल्थस हा इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित धर्मोपदेशक होता, हे आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाची शेवटची दोन प्रकरणे चक्क ईश्वरमीमांसेची आहेत. अन्न कमी आणि तोंडे अधिक, ही रचना दयाळू देवाने का केली, असा प्रश्न स्वतःस घालून तो उत्तर देतो की, गरज आणि संकट यांच्या टोचणीवाचून माणसाचे मन जागेच होत नाही. १८०३ च्या वाढीव आवृत्तीतून ही प्रकरणे गाळली गेली. मात्र विचार गाळला गेला असे म्हणता येणार नाही. १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होता आणि हिंदुस्थानात येणारे तरुण अधिकारी त्याच्या हाताखालून जात होते. त्याच हेलिबरीच्या कॉलेजातून बाहेर पडलेला चार्ल्स ट्रेव्हेलियन, मेकॉलेचा मेहुणा, पुढे लंडनच्या अर्थखात्यात मोठ्या अधिकारावर बसला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि पाचसहा वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक व रोग यांना बळी पडली, तेव्हा सरकारी साहाय्याची दोरी याच्या हातात होती. ट्रेव्हेलियन दुष्ट नव्हता. तो अत्यंत धर्मनिष्ठ, कष्टाळू आणि निःस्पृह असा गृहस्थ होता. १८४८ मध्ये त्याने या दुष्काळाचा इतिहास लिहिला, त्यात या आपत्तीमागे आयर्लंडचा समाज सुधारण्याची परमेश्वरी योजना त्याला दिसली. देवाने शिकवण्यासाठी धाडलेले संकट सरकारने फार हलके करू नये, हा निष्कर्ष मग ओघानेच येतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या आल्या म्हणजे काय होते, ते आयर्लंडने पाहिले.

तीस वर्षांनंतर दक्षिण हिंदुस्थानाने पाहिले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीसाठी पाठवले. या टेंपलची कथा मोठी बोधक आहे. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती आणि त्याबद्दल उधळ्या म्हणून शिव्याही खाल्ल्या होत्या. तो डाग धुऊन काढण्याची संधी १८७७ मध्ये मिळाली. दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य त्याने दिवसाला एका पौंडावर आणले. धान्यबाजारात सरकारने हात घालू नये, हे तत्त्व तर वेदवाक्यच होते. त्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक धरली जाते. टेंपलने देवाचे नाव घेतले नसेल. बाजाराचे नियम आणि ईश्वराचे नियम यांतील अंतर त्या पिढीला फारसे जाणवत नसे, एवढेच.

दुसऱ्याच्या दुःखासाठी सांगितलेला भरवसा तो हा. स्वतःच्या दुःखातून निघालेला भरवसा कसा असतो, हे पाहण्यासाठी आयर्लंडला जाण्याचे कारण नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते, तेथे जावे.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. पत्नीला व मुलींना त्यांनी संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत असे. श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर चरितार्थ चाले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि दक्षिणा थांबली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसल्यामुळेच असे नव्हे, तर ते मिळवण्याची त्यांची ऐपत, त्यांची हक्कदारी, नाहीशी झाल्यामुळे. शेतमजूर आणि कारागीर यांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. पुराणिकाचेही द्यावयास हरकत नाही. ज्या गावाला पोटाची भ्रांत पडली ते गाव प्रवचनासाठी पैसा कोठून आणणार? डोंगरे कुटुंबापाशी विकण्याजोगी होती ती विद्या, आणि तिचा बाजार सर्वांआधी उठला.

उरलेला पैसा त्यांनी देवदर्शन, दानधर्म आणि अनुष्ठाने यांत घातला, कारण शास्त्रात सांगितलेला उपाय तोच होता. मजुरी करणे जातीच्या अभिमानात बसत नव्हते, भीक मागणे विद्वत्तेच्या. शेवटी झाडपाल्यावर राहण्याची वेळ आली. दृष्टी गेलेल्या वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा ताठा टाकून आपण मोलमजुरी करू, असे त्याने सांगितले. त्याला उशीर झाला होता. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. मरणापूर्वी वडिलांनी लाडक्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवले, ही आठवण रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेल्या आत्मनिवेदनात जपून ठेवली आहे. धर्म बदलला, तरी भरवशाचा तो वारसा एका वैष्णव शास्त्र्याकडून आलेला होता हे विसरता येत नाही.

पुढचा जीवनक्रम महाराष्ट्राला ठाऊक आहे. बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य विवाह केला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि मांडीवर मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज, नंतर इंग्लंड, आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुःखाने पिचलेली स्त्री सांत्वनाच्या आशेने नव्या धर्माच्या कुशीत शिरली, असे चित्र काही मिशनऱ्यांना आवडले आणि उलट्या बाजूने काही सनातन्यांनाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे; तो चाळला तर हे चित्र टिकत नाही. त्रैक्याचा सिद्धांत, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार या प्रत्येक गोष्टीवर रमाबाई आपल्या गुरुभगिनीशी हुज्जत घालतात. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, या आशयाचे त्यांचे उत्तर तर प्रसिद्धच आहे. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. ईयोबाच्या मित्रांनाही ईयोबात अहंकारच दिसला होता. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांवर भरवसा ठेवणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत एवढे रमाबाईंना पक्के उमगले होते, आणि हे शहाणपण त्यांना दुष्काळात सारे पैसे धर्मकृत्यांत घालवल्यावर आलेले होते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा शारदा सदनाची स्थिती काही फार सुखाची नव्हती. १८८९ मध्ये मुंबईस निघालेली ही विधवांची शाळा पुण्यास आली होती. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. अमेरिकेतील मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या साहाय्याची मुदतही संपत आली होती. तरीही रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रे, दुष्काळी कामे आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली. भुकेने वेड्या झालेल्या मुलींना कोण उचलून नेते आणि कशासाठी, हेही पाहिले. विसेक वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना आठवली असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, नवी माणसे ठेवून घेण्यास अधिकाऱ्यांची मनाई. म्हणून त्यांना केडगावला नेले.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी आधीच घेऊन ठेवली होती, आणि ती घेण्यामागचा हेतू कोणत्याही व्यवहारी माणसाला पटावा असा आहे. अमेरिकेची मदत थांबल्यावर संस्थेला कायम उत्पन्न हवे, म्हणून तेथे फळझाडे लावलेली होती. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्यूलरने कोणाकडे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले सांभाळली, त्याचे चरित्र वाचून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला होता. १८९८ नंतर त्यांनी तोच मार्ग पत्करला. निश्चित अनुदान नाही, आणि माणसे मात्र वाढत चाललेली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या व मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचा हिशेब ज्याला करता येतो, त्याला या निर्णयाने धडकीच भरेल. अंदाजपत्रक नाही, राखीव निधी नाही. आणि कोठे काही चुकले असते, तर त्याची झळ रमाबाईंना नव्हे, त्या मुलींना लागली असती. श्रद्धेच्या या भागाचे कौतुक करताना हा धोका नजरेआड करणे बरे नाही.

परंतु केडगावी विश्वास म्हणजे हात जोडून बसणे नव्हते. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाई पाळल्या गेल्या, हातमाग चालले, तेलघाणा चालला, छापखाना निघाला. मुलीच खिळे जुळवीत आणि मुलीच यंत्र चालवीत. अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण मनोरमाबाईंनी सुरू केले. क्रेडिट हा अर्थव्यवहारातील शब्द लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदापासून आलेला आहे. आपण त्याला पत म्हणतो. पत ही माणसाच्या हातून काम झाल्याने टिकते. ज्या जोरावर परदेशातील अनोळखी माणसे केडगावला पैसे पाठवीत, ती पत प्रार्थनेची होती आणि कामाचीही. रमाबाईंनी मात्र सारे श्रेय पहिलीलाच दिले असते.

आणखी एका प्रसंगाकडे चरित्रकार वळतात, पण भाविक फारसे वळत नाहीत. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयात व छावण्यांत स्त्रियांची जी दैना होत होती, तिच्याविषयी रमाबाईंनी इंग्रजी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. सदनातील एका मुलीवर गुदरलेला प्रसंगही त्यात होता. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कृपेवर जिची संस्था अवलंबून आहे असे लोक समजत, त्या ख्रिस्ती बाईने हे लिहावे हे पुष्कळांना अनपेक्षित वाटले असेल. परमेश्वरावरील भरवशामुळे माणूस निमूटपणे सोसतो, हा समज धर्माचे टीकाकार आणि धर्माचा सोयीस्कर उपयोग करणारे राज्यकर्ते, दोघेही बाळगतात. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापांचा व तक्रारींचा आहे, आणि क्रूसावर ख्रिस्ताच्या तोंडी येणारा सोडून दिल्याचा आक्रोशही त्यांपैकीच एका स्तोत्रातला आहे. तक्रार ऐकणारा कोणी आहे असे वाटते, म्हणून तर माणूस तक्रार करतो.

हे सर्व मान्य केले, तरी मुक्तीसंबंधीचा मूळ आक्षेप उरतोच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उपाशी मुलीला भाकरीबरोबर बायबल दिले, तर तिने केलेला धर्मस्वीकार कितपत स्वतंत्र? केसरीने हा प्रश्न शारदा सदनाच्या वेळी कठोरपणे विचारला होता. पुण्यातील सदनाने धार्मिक तटस्थतेचे आश्वासन दिले होते. केडगाव मात्र उघडउघड ख्रिस्ती होते. अनाथ अल्पवयी मुलींना निवड नव्हती, हे खरेच आहे. तितकेच खरे हे की, त्या मुलींपुढे दुसरी जी दारे उघडी होती त्यांतली बहुतेक कुंटणखान्याची किंवा स्मशानाची होती, आणि हजारोंना पुरेल असे तिसरे दार समाजाने तेव्हा उघडलेले नव्हते. या दोन सत्यांची वजाबाकी करून एक आकडा काढता येत नाही. मात्र या मुलींना त्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे किंवा देवाच्या शिक्षेचे फळ मिळाले, असे रमाबाई म्हणाल्या नाहीत. केडगावला पोहोचल्यावरही पुष्कळ मुली अशक्तपणाने दगावल्या. त्या का वाचल्या नाहीत, याची धर्मशास्त्रीय उपपत्ती लावण्यात रमाबाईंनी आपला वेळ घालवला नाही.

महाराष्ट्रातील भाविक मनाला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, दुकानाचे दिवाळे वाजले. तरी विठोबाशी चाललेले त्यांचे भांडण आणि प्रेम दोन्ही संपली नाहीत. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्यामागे ही ओळख असावी. टिळकांची ख्रिस्ती भजने मराठी मंडळींत आजही म्हटली जातात. रमाबाईंची वाट याहून कोरडी, भावनेपेक्षा कामाकडे झुकलेली.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील काम म्हणजे बायबलचा मराठी अनुवाद. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ ग्रंथ सोप्या मराठीत आणण्यास आरंभ केला. ज्यांनी लहानपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले, त्यांनी संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, यातील विरोधाभास त्यांना जाणवला नसेल असे नाही. हे काम अनेक वर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. वय अवघे चाळीस, संस्थेची नियोजित वारस आणि रक्ताचे उरलेले एकुलते एक माणूस. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. रमाबाईंची स्वतःची प्रकृती खालावलेली होती. भाषांतराचे थोडे काम शिल्लक होते, ते त्या करीत राहिल्या. ते पुरे झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या वारल्या. मुक्तीच्या छापखान्यात, पूर्वी दुष्काळातून आलेल्या बायकांच्या हातून, त्या बायबलची पाने त्यानंतरही छापली जात होती.